हळू चालणाऱ्यावर खटला

दर मोसमात एकदा तरी हा वाद पेटतो. कुठल्यातरी डोंगरावर पैसे घेऊन नेलेली तुकडी अंधारात अडकते, किंवा एकाच्या पायात गोळे आले म्हणून बाराजणांना माथा डोळ्यांसमोर असताना मागे फिरावं लागतं, आणि मग दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. पहिली म्हणते, ज्यांच्या अंगात दम नाही त्यांना घेताच कशाला? आधी चाचणी घ्या, डॉक्टरांचा दाखला मागा, नापासांना घरी बसवा. दुसरी म्हणते, डोंगर कोणाच्या बापाचा नाही. वयस्कर, जाड, हळू चालणारे, पहिल्यांदाच आलेले, सगळ्यांना तिथे जायचा हक्क आहे, आणि त्यांना नेता येत नसेल तर तो गाईड कसला? दोघांचाही आवाज इतका चढलेला असतो की मुळात ते एकाच गृहीतकावर उभे आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रश्न पायांचा आहे, असं दोघेही धरून चालतात. एकाला कच्चे पाय नकोत, दुसऱ्याला हवेत, एवढाच काय तो फरक.

मला हे गृहीतकच मान्य नाही. गाईडबरोबरच्या तुकडीत ताकद कमीजास्त असणं ही अडचण आहे, पण ती डोळ्यांना दिसते, घड्याळावर मोजता येते आणि बहुतेक वेळा सांभाळताही येते. घात करतो तो हेतूंमधला फरक. कोण कशासाठी आला आहे हे निघताना कोणी विचारत नाही, आलेला आपणहून सांगत नाही, आणि माथ्याच्या खाली दोनशे मीटरवर, दुपार कलताना, ते एकदम बाहेर येतं. तेव्हा तुकडी बांधायची तर आधी हेतूवर बांधावी आणि ताकदीचा विचार त्याच्या मागून करावा. याला एक मोठा अपवाद आहे, त्याकडे नंतर येतो.

पहिल्या बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं आधी मान्य करून टाकतो, कारण दुसरी बाजू ते हमखास टाळते. डोंगरात उशीर म्हणजे धोका. उन्हाळ्यात दुपारी ढग जमून विजा पडायला लागायच्या आत उघड्या धारेवरून खाली आलेलं बरं, आणि त्या ढगांना कोणाच्या जिद्दीशी देणंघेणं नसतं. आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या नेहमीच्या वाटेवर गूतेची घळ आडवी ओलांडावी लागते. दिवस तापला की तिथे गोठलेली पकड ढिली होऊन वरून दगड सुटतात, त्यामुळे पहाटे ओलांडलेली घळ आणि दुपारी ओलांडलेली घळ या दोन वेगळ्या जागा आहेत. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिलेला हिशेब आजही वापरात आहे: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १५ किलोमीटरची वाट आणि १२०० मीटरचा चढ असेल तर पाच तास, तेही न थांबता. पुढे ट्रँटर या गिर्यारोहकाने या हिशेबात दमसासाप्रमाणे दुरुस्त्या बसवल्या, आणि त्याच्या तक्त्यात तीच वाट चालायला तगड्या आणि कच्च्या माणसाला लागणाऱ्या वेळांत दुपटीतिपटीचं अंतर पडतं. ज्या दिवशी पाच तासांच्या भरवशावर निघालेल्या तुकडीला दहा तास लागतात, त्या दिवशी ‘डोंगर सगळ्यांचा’ हे वाक्य कोणाच्याच कामाला येत नाही.

हे सगळं खरं धरूनही पहिली बाजू ज्या उत्तरावर पोचते ते चुकीचं आहे. उशीर नेमका होतो कसा, हे रांगेच्या शेवटी चालून बघावं. पुढचे चालतात, थांबतात, सॅक उतरवून बसतात. मागचा धापा टाकत पोचतो. तो पोचला म्हणजे सगळे आले, म्हणून पुढचे उठून चालायला लागतात. ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना पाव तास मिळतो, ज्याला होती त्याला पाणी पिण्याइतकाही वेळ मिळत नाही. पाच-सहा थांबे असे झाले की मागचा माणूस खरोखरच कोसळायला येतो, आणि मग सगळे मिळून ठरवतात की याची तयारीच नव्हती. त्याला दमवलं ते चढाने अर्धं आणि या रांगेने अर्धं. त्याला पुढे घाला, असा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यात अकराजणांचे श्वास मानेवर घेऊन चालावं लागतं आणि भिडेपोटी माणूस आपल्या चालीपेक्षा जोरात चालतो. शेवटी एक जाणता माणूस ठेवावा, त्या शेवटच्या दोघा-तिघांचे थांबे त्याने स्वतंत्रपणे ठरवावेत, आणि पुढच्यांनी मागच्यांची वाट बघायची जागा आधीच नेमून द्यावी. एवढं केलं तरी बराचसा उशीर भरून निघतो. हे गाईडचं काम आहे. ते न करता दोष गिऱ्हाइकाच्या मांड्यांना देणं सोयीचं असतं, कारण मांड्या दिसतात.

आता चाचणीकडे येऊ. चाचणी हवीच म्हणणाऱ्यांना मी एक जुनी नोंद वाचायला सांगेन. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधल्या मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा माणसं पोचली आणि उतरताना सातांतले चार मेले. त्यातला डग्लस हॅडो हा एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याच तुकडीतल्या एडवर्ड व्हिंपरने निघण्याआधी त्याच्याबद्दल चौकशी केली होती, आणि सोबतच्या चार्ल्स हडसनने दिलेलं उत्तर व्हिंपरनेच पुढे लिहून ठेवलं आहे: हॅडोने बहुतेकांपेक्षा कमी वेळात माँ ब्लाँ केला आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर पोरगा चाचणीत पहिल्या वर्गात पास झाला होता. उतरताना मिशेल क्रो हा गाईड त्याची पावलं एकेक करून हाताने खडकावर टेकवून देत होता. शेवटी त्याचा पाय सटकला, तो क्रोवर आदळला, आणि त्या दोघांनी हडसनला आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लसला खेचून नेलं. लॉर्ड डग्लस आणि त्याच्यामागचा गाईड थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला, म्हणून बाकीचे तिघे वाचले. हॅडोच्या छातीत दम होता, पाय मात्र उतरत्या खडकावर कधी ठरलेच नव्हते. धावण्याची कुठली चाचणी हे सांगणार होती?

ताकद हा एकच आकडा असतो ही समजूत सोडल्याशिवाय हा वाद पुढे सरकणार नाही. चढाला वाघ असलेला माणूस उताराला गुडघे धरून बसतो. मॅरेथॉन धावणारी बाई दोन्ही बाजूंना दरी दिसली की जागच्या जागी थिजते, आणि सबंध दिवस मागे राहिलेले काका तिच्या शेजारून शांतपणे निघून जातात. उंचीवर तर हिशेब पुरताच उलटतो. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे तंदुरुस्तीवरून सांगता येत नाही. उलट दम असलेले जोरात चढतात, एका दिवसात नको तेवढी उंची गाठतात आणि रात्री डोकं धरून ओकत बसतात. ३००० मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र जास्तीची काढावी, असा जो वैद्यकीय सल्ला आहे तो सगळ्यांना सारखाच लागू आहे; त्यात धावपटूंना सूट नाही. किलिमांजारोवर १९९१ पासून गाईडशिवाय जाता येत नाही, आणि तिथल्या गाईडांच्या तोंडी दिवसभर एकच घोष असतो: ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू. तिथे तो दुबळ्यांवर केलेला उपकार नसतो, सगळ्यांनी वर पोचावं म्हणून घातलेला नियम असतो. तेव्हा कितीही चाळणी लावून सारखे बारा जण निवडले, तरी तिसऱ्या दिवशी दुपारी ते सारखे राहत नाहीत. मागे पडणारा माणूस रोज बदलतो. चाळणी लावणाऱ्याला वाटतं की आपण प्रश्न सोडवला. त्याने तो फक्त दोन दिवसांनी पुढे ढकललेला असतो.

मग फरक कुठे पडतो? बाराजणांच्या कुठल्याही तुकडीकडे बघा. एकाला माथा हवा आहे, त्याखेरीज काही नको. एकजण पुढच्या वर्षीच्या मोठ्या शिखराची तयारी म्हणून आला आहे, त्याला वजन पाठीवर घेऊन ठरलेल्या वेळात चढायचं आहे. एकाला पहाटेचा उजेड कॅमेऱ्यात पकडायचा आहे, म्हणजे सगळे चालत असतील तेव्हा हा थांबणार. एकजण बायको आली म्हणून आला आहे. एकाला चार दिवस फोनला रेंज नसलेली जागा हवी होती, ती मिळाली, त्याचं काम पहिल्याच मुक्कामी झालं. आणि एकीला भावाबरोबर ठरवलेली वाट त्याच्या माघारी पुरी करायची आहे, पण ते ती कोणाला सांगणार नाही. यांचे पाय सारखे असते तरी हे सहाजण एकमेकांच्या वाटेत आले असते. उलट पाय भिन्न आणि हेतू एक असेल तर काय होतं याचंही उदाहरण आहे. एरिक वाइहेनमायर हा पूर्ण अंध गिर्यारोहक २५ मे २००१ रोजी एव्हरेस्टवर पोचला, पुढच्याच्या घंटेचा आवाज आणि सोबत्यांच्या सूचना यांच्या आधाराने. त्या मोहिमेतले एकोणीस जण माथ्यावर गेले. त्या काळी एका तुकडीसाठी तो मोठाच आकडा होता. ताकदीच्या फूटपट्टीने ती तुकडी बांधलीच गेली नसती. पण प्रत्येकाला ठाऊक होतं की आपण कशासाठी आलो आहोत, आणि त्यात एरिक पोचणं हे प्रत्येकाच्या हेतूचा भाग होतं.

हेतू लपला, किंवा मधेच सरकला, की काय होतं? याचा सर्वांत कडू पुरावा एव्हरेस्टवरचाच, १९९६ च्या मे महिन्यातला आहे. त्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की आता ती गोष्ट ‘पैसेवाल्या नवशिक्यांची’ म्हणून सांगितली जाते, आणि पुन्हा एकदा चर्चा पायांवर येऊन थांबते. नीट पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. रॉब हॉल या गाईडच्या तुकडीत दुपारी एक-दोनच्या सुमारास परत फिरायची भाषा झाली होती, पण ती वेळ कोणी घट्ट धरली नाही. डग हॅन्सन हा त्याचा गिऱ्हाईक आदल्या वर्षी माथ्याच्या अगदी जवळून हॉलच्याच सांगण्यावरून परतला होता. या वर्षी पुन्हा ये, असा आग्रह हॉलनेच धरल्याचं त्या तुकडीतल्यांनी नोंदवलं आहे. हॅन्सन चारनंतर माथ्यावर पोचला. हॉल त्याच्यासाठी थांबला होता. दोघेही परतले नाहीत. त्याच तुकडीतले तीन गिऱ्हाईक मात्र सकाळी साडेअकराच्या सुमारास, पुढची गर्दी आणि सरकता वेळ पाहून, मागे फिरले आणि वाचले. हे तिघे काही पोलादाचे बनलेले नव्हते, ते हॅन्सनसारखेच हौशी होते. ‘आज नाही जमलं तरी चालेल’ हे उत्तर त्यांच्यापाशी होतं, हॅन्सनपाशी उरलं नव्हतं, आणि मला वाटतं, हॉलपाशीही उरलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा हेतू गाईडच्या अंगात शिरला की परत फिरा म्हणणारा कोणी राहतच नाही. त्या दोन दिवसांत त्या डोंगरावर आठजण दगावले. वादळ आलं हे खरंच, पण चार वाजता माथ्याजवळ असणं हे वादळाने ठरवलं नव्हतं.

हे व्यापारी गिर्यारोहणाचं नवं पाप आहे असंही कोणी समजू नये. १८२० साली योझेफ हामेल हा रशियन शास्त्रज्ञ निरीक्षणं करायला माँ ब्लाँवर निघाला. हवा बिघडली, गाईडांचं मन वर जायला घेईना. त्यांना भित्रे म्हणून डिवचलं गेलं, असं सांगतात. ते गेले, उतारावरचा बर्फ सुटला आणि तीन गाईड हिमदरीत गाडले गेले. त्यांचे अवशेष १८६१ मध्ये हिमनदीच्या खालच्या तोंडाशी बाहेर आले. हामेलला शास्त्र हवं होतं, गाईडांना मजुरी हवी होती, आणि परत फिरायचा अधिकार कोणाचा हे कुठेच ठरलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, माँ ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनी गावातल्या गाईडांचा संघ उभा राहिला तो याच घटनेनंतर. गाईड हा हुकमाचा ताबेदार नाही, हे कागदावर आणण्याची ती सुरुवात होती. आणि आज दोनशे वर्षांनंतर आपण चर्चा कशाची करतो? तर गिऱ्हाइकाने दहा किलोमीटर किती मिनिटांत धावावं याची.

आता पहिल्या फळीतले समंजस लोक म्हणतील: ठीक आहे, कोणाला नाकारू नका, पण निदान तुकडीचे दोन भाग करा. तगडे वेगळे, हळू वेगळे. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि पुष्कळदा ते शहाणपणाचं असतंही. पण ही वाटणी कशी होते ते पाहा. सर्वांत अनुभवी गाईड तगड्यांबरोबर जातो, कारण त्यांची वाट अवघड, त्यांचं शिखर उंच, आणि खरं सांगायचं तर त्यालाही तेच जास्त आवडतं. हळू चालणाऱ्यांच्या वाट्याला शिकाऊ लीडर येतो. १९७१ च्या नोव्हेंबरात स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर एडिंबरातल्या एका शाळेच्या मुलांची अशीच वाटणी झाली. तगडा गट मुख्य प्रशिक्षकाबरोबर गेला आणि निवाऱ्यात सुखरूप पोचला. दुसऱ्या गटाबरोबर विशीतली एक लीडर आणि तिच्याहून लहान, शिकाऊ मदतनीस होती. निवारा सापडला नाही, हिमवादळात दोन रात्री उघड्यावर काढाव्या लागल्या. पाच मुलं आणि ती मदतनीस थंडीने गेली. लीडर आणि एक मुलगा तेवढे वाचले. वादळाचा दोष मी वाटणीच्या माथी मारणार नाही, आणि त्या लीडरच्या तर नाहीच. पण त्यातून एक गोष्ट दिसते: ताकदीवर तुकडी फोडली की सगळी ताकद एका बाजूला जाऊन साठते, आणि जिथे तिची गरज पडणार असते ती बाजू रिकामी राहते. फोडायचीच असेल तर कोणाला काय हवं आहे ते विचारून फोडा, आणि जाणता माणूस ज्यांना जास्त गरज त्यांच्याबरोबर द्या. खिंडीपर्यंत जाऊन निवांत बसू इच्छिणाऱ्यांत दोन तगडे निघतील, माथ्याच्या गटात एक हळू पण हट्टी बाई निघेल. निघू देत. त्या गटाला माथा हवा आहे, बाईलाही तोच हवा आहे. पहाटे दोन तास आधी निघायचं की नाही एवढाच प्रश्न उरतो, आणि तो सुटण्यासारखा आहे.

दुसऱ्या फळीलाही मी इतक्यावर सोडणार नाही. ‘सगळ्यांना न्या’ म्हणणारे बहुधा मनात एक गोष्ट धरून असतात: सगळ्यांना न्या, म्हणजे सगळ्यांना माथ्यावर न्या. मारी पारादी ही शामोनीची मुलगी १८०८ मध्ये माँ ब्लाँवर पोचलेली पहिली स्त्री. तिला गाईडांनी ओढत, आधार देत वर नेलं. वाटेत तिने मला इथेच हिमभेगेत टाकून द्या अशी विनवणी केली, अशी आख्यायिका आहे. वर नेण्यामागे तिचं नाव व्हावं हा कळवळा होता, म्हणे. त्यानंतर तीस वर्षांनी, १८३८ मध्ये, आँरिएत दांजव्हिल तिथेच गेली ती स्वतः ठरवून, स्वतः गाईड नेमून, आणि आपल्याला उचलून न्यायचं नाही हे बजावून. दोघी एकाच माथ्यावर उभ्या राहिल्या, पण यांतली कुठली ‘सर्वांसाठी डोंगर’ या घोषणेत बसते? धापा टाकणाऱ्याला ‘अजून थोडंच, चल, जमेल तुला’ म्हणत वर रेटणं आणि त्याला दारातच नाकारणं, यांत मला एक साम्य दिसतं. दोन्हींत त्याला काय हवं होतं हे कोणी विचारलेलं नसतं. कदाचित त्याला त्या तळ्याकाठी दोन तास बसायचं होतं.

आता अपवाद. माणसं जिथे एका दोरात बांधली जातात, तिथे माझा युक्तिवाद थांबतो. पायवाटेवर एकाची चूक बहुतेक वेळा त्याच्यापुरती आणि वेळापुरती राहते. दोरात ती सगळ्यांची होते. तिथे कौशल्य आधी आणि हेतू नंतर, हे मला मान्य आहे. पण मॅटरहॉर्नने यावर काय उत्तर शोधलं ते पाहा. ४४७८ मीटर उंचीच्या त्या शिखराच्या नेहमीच्या धारेवर आज एका गाईडबरोबर एकच गिऱ्हाईक जातो. सारख्या ताकदीचे सातजण जमवणं हा तोडगा कोणी स्वीकारला नाही. दोन माणसांत हेतू एकदा बोलून ठरवता येतो, आणि परत फिरायचं म्हटलं तर तिसऱ्या कोणाचं शिखर बुडत नाही. ज्या वाटेवर कौशल्यातला फरक जिवावर बेतू शकतो, ती वाट मिश्र तुकडीला विकूच नये, मग तुकडी कितीही उत्साही असो.

व्यवहारातल्या दोन हरकती खऱ्या आहेत. एक, लोक खरं सांगत नाहीत. ‘कशासाठी येताय?’ असं विचारलं की शंभरातले नव्वद म्हणणार, ‘सहज, मजा म्हणून’. बरोबर आहे, पण तब्येतीच्या फॉर्मवर तरी लोक कुठे खरं लिहितात? गुडघ्याचं जुनं दुखणं फॉर्मवर कधीच नसतं, ते थेट उतारावर भेटतं. शिवाय प्रश्न विचारायची रीत असते. काय हवं आहे असं विचारू नये, काय नाही मिळालं तर चालेल ते विचारावं. ‘आपण खिंडीपर्यंतच गेलो आणि परत आलो, तर पैसे वाया गेले असं वाटेल का?’ या प्रश्नावर माणूस क्षणभर गप्प होतो, आणि त्या गप्प होण्यातच उत्तर असतं. दुसरी हरकत जास्त अवघड आहे: हे विचारायला गाईड भेटतोच कुठे? बुकिंग ऑनलाइन होतं, तारीख ठरते, त्या दिवशी जो मोकळा असेल तो गाईड येतो. शामोनीच्या संघात गाईड पाळीपाळीने दिले जात, गिऱ्हाइकाला निवड नसे, आणि एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश गिर्यारोहक त्यावर सतत कुरकुरत. त्यांच्या कुरकुरीत साहेबी तोरा होता, पण मुद्दा खरा होता: गाठ पडण्याआधी दोघांचं बोलणं झालं पाहिजे. ती पाळी आपण यंत्रावर चढवून परत आणली आहे. अर्ध्या तासाचा एक फोन, तोही त्याच गाईडने केलेला, एवढं मागणं अवाजवी आहे का? तुकडीत बाराजण असतील तर गाईडचे सहा तास जातात, आणि त्या सहा तासांचे पैसे गाईडला मिळायला हवेत. शेवटी चालणाऱ्या दुसऱ्या जाणत्या माणसाचेही. म्हणजे दर वाढणार. हे मी लपवत नाही. दर वाढल्याने ज्यांच्यासाठी ‘डोंगर सगळ्यांचा’ म्हणायचं त्यांतलेच काही गळतील, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तुकड्या लहान आणि वाटा सोप्या ठेवल्या तर ही वाढ आटोक्यात राहते, एवढंच म्हणता येतं.

पण एक बदल फुकटात होण्यासारखा आहे. आज जाहिरातीत शिखराचा फोटो असतो, उंची असते, आणि किती टक्के लोक माथ्यावर पोचले याचा आकडा ठळक असतो. परत फिरायची वेळ कुठेच नसते. गाईडला मिळणारी बक्षिशीही बहुधा माथ्यावर हात उंचावून काढलेल्या फोटोनंतर सढळ होते आणि खिंडीतून परतल्यावर आखडते, मग त्याने परत फिरवून जीव वाचवलेला असला तरी. ज्या माणसाने थंड डोक्याने ‘नाही’ म्हणायचं, त्याचाच खिसा आपण ‘हो’ला बांधून ठेवला आहे. तेव्हा परत फिरायची वेळ, ती बदलायचा अधिकार कोणाचा, आणि त्या वेळेला माथा अर्ध्या तासावर असला तर काय करायचं, हे पैसे घेण्याआधी लिहून द्यावं, आणि गाईडचा मोबदला त्याच कागदावर शिखरापासून सोडवावा. असं लिहिलेलं वाचून काही गिऱ्हाईक दुसरीकडे जातील हे उघड आहे. काही झालं तरी माथाच हवा असलेल्याने स्वतःपुरता वेगळा गाईड घ्यावा आणि त्याचे पूर्ण पैसे मोजावेत. आज ती किंमत त्याच्या वतीने तुकडीतले बाकीचे अकराजण आपल्या वेळेतून भरतात, आणि वर त्यांच्यातल्याच सर्वांत हळू माणसाला दोष देतात.